एकवीस गिअर? आधी दाते मोजा!

सायकल घेताना आपण गिअरचा आकडा विचारतो, पैसे देतो आणि मोकळे होतो. मग पहिल्याच चढावर धाप लागते, गुडघे कुरकुरतात आणि सायकल पार्किंगमध्ये धूळ खाते. गिअर म्हणजे नेमकं काय आणि आपल्या रस्त्याला कुठला लागतो, हे आधी समजून घेतलं तर पैसेही वाचतील आणि गुडघेही.

‘किती गिअरची आहे?’

नवी सायकल घेऊन कॉलेजात गेलं की पहिला प्रश्न हाच. उत्तर ‘एकवीस’ असेल तर भुवया उंचावतात. ‘सात’ असेल तर ‘बरी आहे’ म्हणतात. ‘गिअर नाहीत’ म्हटलं की विषयच बदलतो. फोनचे मेगापिक्सेल विचारावेत तसे आपण सायकलचे गिअर विचारतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर फ्रेमवर ‘२१ स्पीड’ हे स्टिकर ब्रँडच्या नावाइतकंच ठळक असतं.

आता कुठल्याही होस्टेलच्या पार्किंगमध्ये जरा निरखून बघा. गिअरवाल्या सायकली भरपूर दिसतील. पण अनेकींची चेन मधल्याच एका चकतीवर बसलेली असेल आणि बाकीच्या चकत्या नव्यासारख्या कोऱ्या. म्हणजे पैसे एकवीस गिअरचे भरले आणि वापरला एक. याचं कारण आळस नाही. गिअर कधी बदलायचा आणि का, हे दुकानात कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

गिअर ताकद देत नाही, वाटून देतो

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. गिअर म्हणजे मोटर नाही. तुमच्या पायांत आहे तेवढीच ताकद सायकलला मिळते. गिअर फक्त ती ताकद किती हप्त्यांत द्यायची, ते ठरवतो.

होस्टेलवर राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. वीस लिटरचा पाण्याचा जार तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय. एकदाच खांद्यावर टाकून नेता येतो, किंवा पाच-पाच लिटरच्या चार कॅन करून चार खेपांत नेता येतो. पाणी तेवढंच, मजला तोच. पण पहिल्या प्रकारात कंबर धरते. जड गिअर म्हणजे एकदम उचललेला जार. हलका गिअर म्हणजे चार खेपा.

सायकलवर हे काम दातेरी चकत्या करतात. पायडलजवळ पुढची चकती असते आणि मागच्या चाकाच्या मध्यावर मागची. पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागा. येणारा आकडा सांगतो, की पायडलचा एक फेरा झाला तर मागचं चाक किती फेरे फिरणार. पुढे ४२ दाते आणि मागे १४ असतील तर उत्तर ३. पायडल एकदा फिरलं, चाक तीनदा. मोठ्या सायकलच्या चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा असतो, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात तुम्ही साडेसहा मीटर पुढे गेलात. सपाट रस्त्यावर मस्त. चढावर अशक्य.

तेच पुढे २४ आणि मागे २८ घेतले तर उत्तर येतं ०.८६. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण फेरासुद्धा होत नाही, सायकल जेमतेम १.९ मीटर सरकते. पण पाय लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो.

पुढची चकती लहान तर सोपं, मागची मोठी तर सोपं. हे उलटसुलट वाटतं आणि नव्या माणसाचा गोंधळ इथेच उडतो. म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा : चेन आत तर हलकं, चेन बाहेर तर जड. पुढे असो वा मागे, चेन चाकाच्या आणि फ्रेमच्या बाजूला सरकली की पायडल हलकं होतं. हँडलवरचं डावं बटण पुढच्या चकत्यांचं, उजवं मागच्या. दोन्हीकडे ‘१’ म्हणजे सगळ्यात हलका.

एकवीस म्हणजे खरे किती?

पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन गुणिले सात, एकवीस. गणित बरोबर आहे, पण अर्धंच.

परवडणाऱ्या गिअरच्या सायकलींवर नेहमी दिसणारी जोडी घेऊ. पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८. आता भागाकार करा. ४२ भागिले २८ म्हणजे १.५. आणि २४ भागिले १६? तेही १.५! दोन वेगळे गिअर, दोन वेगळी बटणं, पायाला मात्र एकच अनुभव. ३४/२० आणि २४/१४ यांचं उत्तर १.७ च्या आसपास. ४२/२० आणि ३४/१६ यांचं २.१ च्या आसपास. सगळे एकवीस भागाकार कागदावर मांडले आणि जवळपास सारखे असलेले एकत्र केले, तर पायाला वेगळे जाणवतील असे बारा-तेराच उरतात.

त्यातलेही सगळे वापरायचे नसतात. पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी चकती घेतली की चेन तिरकी होते आणि ताणली जाते. दोन्हीकडे सगळ्यात लहान घेतली तरीही चेन तिरकीच. ‘कर्रर्र’ असा आवाज येतो, तो हाच. याला क्रॉस चेनिंग म्हणतात. चेन आणि दाते लवकर झिजतात.

आता दुसरी सायकल बघा. पुढे एकच चकती, ३२ दाते. मागे नऊ, ११ पासून ४२ दात्यांपर्यंत. स्टिकरवर फक्त ‘९ स्पीड’. पण भागाकार काय सांगतो? सगळ्यात हलका गिअर ०.७६, सगळ्यात जड २.९. आपल्या एकवीसवालीचे आकडे होते ०.८६ आणि ३. म्हणजे नऊ गिअरची सायकल चढावर एकवीसवालीपेक्षा हलकी चालते आणि सपाटीवर जवळपास तितकीच पळते. वर डाव्या हाताचं बटणच नाही, त्यामुळे डोक्याला ताप कमी.

मग एकवीसवाली वाईट का? अजिबात नाही. नऊवालीत दोन गिअरमधली उडी मोठी असते, एकवीसवालीत लहान. शिवाय नऊवाली बहुतेक वेळा महाग पडते. मुद्दा एवढाच, की गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड गिअर कुठला, ते महत्त्वाचं. आणि ते स्टिकरवर लिहिलेलं नसतं. दाते मोजावे लागतात.

सिंहगडाचं गणित

पुण्यात सायकल घेतली की कुणीतरी ‘मग सिंहगड कधी?’ विचारतंच. तर तिथलंच उदाहरण घेऊ. गोळेवाडीपासून वर गाडीतळापर्यंतचा रस्ता साधारण आठ-नऊ किलोमीटरचा आणि चढ सुमारे सहाशे मीटरचा. मध्ये दम घ्यायला सपाट जागा फारशी नाही.

आता बिनगिअरची साधी काळी सायकल घ्या. पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी १९ किलोमीटरच्या पुढे. सपाट रस्त्याला याहून चांगलं काय हवं? पेठांमधून दूध आणि पेपर टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हीच सायकल चालवली, ती उगीच नाही.

पण सिंहगडाच्या चढावर नवख्याचा वेग ताशी सातच्या आसपास येतो. त्या वेगाला या सायकलवर मिनिटाला जेमतेम २२ फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जवळपास तीन सेकंद, आणि त्या प्रत्येक फेऱ्यात अख्खं शरीर पायडलवर उभं. साडेआठ किलोमीटरला असे सुमारे दीड हजार फेरे. २४/२८ च्या गिअरवर तोच रस्ता साडेचार हजार फेऱ्यांत होतो. फेरे तिप्पट, पण प्रत्येक फेऱ्याला जोर एक तृतीयांश. मिनिटाला साठच्या आसपास पाय फिरत राहतात. धाप लागते, पण गुडघे ओरडत नाहीत.

दोन्ही सायकलस्वार एकाच गडावर पोचतात. फरक इतकाच, की एकाला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

साठ ते नव्वद

मिनिटाला पायडलचे किती फेरे, याला कॅडन्स म्हणतात. सरावलेले सायकलस्वार बहुतेक ८० ते ९० च्या आसपास ठेवतात. सुरुवात करणाऱ्यांनी ६० ते ७० धरलं तरी पुष्कळ. त्यासाठी मीटर लागत नाही. उजवा पाय खाली आला की एक, असं पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. पंधरा-सोळा आले तर ठीक. दहाच आले तर गिअर जड आहे, एक-दोन पायऱ्या हलका करा. पंचवीस आले आणि सीटवर उड्या बसायला लागल्या तर एक जड करा.

गिअर बदलण्याचा सगळा नियम यात आला. वेगासाठी गिअर बदलायचा नसतो, पायांची लय टिकवण्यासाठी बदलायचा असतो. चढ आला, समोरून वारा आला, दमलात, पाठीवर लॅपटॉपची बॅग आहे, तर हलका करा. उतार लागला, वारा पाठीशी आला, तर जड करा. रस्ता बदलत राहतो, पाय तसेच फिरत राहतात.

गिअर टाकताना चार गोष्टी पाळा :

– पाय फिरत असतानाच गिअर बदला. थांबलेल्या सायकलचं बटण दाबलं तर चेन तिथेच राहते आणि निघताना खाडकन उडी मारते.

– बदलताना क्षणभर जोर कमी करा. पाय फिरवा, पण दाबू नका.

– चढाच्या आधीच हलका करा. चांदणी चौकाचा चढ अर्धा झाल्यावर सगळा जोर लावत बटण दाबलं की चेन अडकते किंवा निसटते, आणि मागून पीएमपीची बस येत असते.

– सिग्नल लाल दिसला की थांबण्यापूर्वी दोन गिअर हलके करा. हिरवा झाल्यावर पहिला फेरा सहज पडतो आणि सायकल डगमगत नाही.

हलक्या गिअरची लाज

ग्रुप राइडला एक प्रकार हमखास होतो. कुणी चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला, पाय भराभर फिरायला लागले, की मागून हसू येतं. ‘मिक्सर लावलाय का?’ मग तो बिचारा इज्जतीसाठी जड गिअर टाकतो आणि दोन वळणांनंतर सायकल हातात धरून चालायला लागतो.

ही खोड फार जुनी आहे. टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात नावाजलेली सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. ती सुरू करणारे हेन्री देग्रांज यांचं मत असं, की बदलते गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी. यंत्राच्या आधाराने जिंकणं म्हणजे काय जिंकणं! चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, या शर्यतीत १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. तोवर स्पर्धक काय करायचे? मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा निघायचं. १९३७ ला डिरेलर आले आणि त्यानंतर कुणी मागे वळून बघितलं नाही.

आज जगातले सगळ्यात तगडे सायकलस्वार उभ्या डोंगरावर हलका गिअर टाकून भराभर पाय फिरवतात. त्यांना लाज वाटत नाही, तर आपल्याला का वाटावी?

आणि हा फक्त इज्जतीचा प्रश्न नाही. जड गिअरवर हळू पायडल मारणं म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जादा दाब. सीट खाली असेल तर आणखी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, तेवढी सीट वर घ्या. गिअर आणि सीट दोन्ही नीट करूनही गुडघा दुखतच राहिला तर मात्र रीलवरचे व्यायाम सोडा आणि डॉक्टरांकडे जा.

तुमचा रस्ता कुठला?

सायकल आधी आणि रस्ता नंतर ठरवला की पैसे वाया जातात. म्हणून उलटं करा.

रूम ते कॉलेज, सगळं सपाट, चार-पाच किलोमीटर : बिनगिअरची किंवा फक्त मागे सात गिअर असलेली सायकल भरपूर झाली. देखभाल कमी, किंमत कमी, चोरांचं लक्षही कमी. वाचलेल्या पैशांत चांगलं कुलूप आणि हेल्मेट घ्या.

रोज एखादा उड्डाणपूल, बाणेर-पाषाणसारखे चढउतार : सात-आठ गिअरची, पुढे एक चकती असलेली सायकल बघा. सगळ्यात हलका भागाकार १.२ च्या आसपास किंवा खाली असला की चढावर उतरावं लागणार नाही.

रविवारी कात्रजचा जुना घाट, सिंहगड, पुढे कधीतरी कोकण : सगळ्यात हलका गिअर १ पेक्षा कमी हवाच. नवख्याला ०.८५ च्या खाली मिळाला तर उत्तम. पुढे तीन चकत्या की एक, हा नंतरचा प्रश्न.

बारीक टायरची, वाकड्या हँडलची रोड बाइक : दिसायला भारी, सपाटीवर सुसाट. पण पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८ अशी रचना असेल तर सगळ्यात हलका गिअर येतो १.२१. सायकल कितीही हलकी असली तरी घाटात हा आकडा नवख्याला घाम फोडतो. मागे ३२ किंवा ३४ दात्यांची चकती मिळते का, ते घेतानाच विचारा.

आणि स्वस्तातली सस्पेन्शनवाली सायकल घेण्याआधी एकदा उचलून बघा. ते पुढचे जाड स्प्रिंग वजन वाढवतात आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा थोडा जोर तेच खातात. डांबरी रस्त्याला त्यांची गरज नसते.

‘गिअर खराब झालाय!’

नवी सायकल महिन्याभरात कटकट करायला लागते. बटण एकदा दाबलं तर गिअर पडत नाही, दोनदा दाबलं तर दोन पडतात. लोक वैतागून गिअर वापरणंच सोडतात. खरं तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. नवी केबल सुरुवातीला बसते, सैल होते. पहिली सर्व्हिसिंग त्यासाठीच असते, ती चुकवू नका. डिरेलरमध्ये केबल शिरते तिथे हाताने फिरणारा एक छोटा गोल नट असतो. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल, तर सायकलच्या मागे उभं राहून तो घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा आणि बघा. डिरेलरवरच्या एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना मात्र हात लावू नका, ते मेकॅनिकचं काम.

दुसरं दुखणं कॉलेजच्या पार्किंगचं. सायकली एकमेकींवर रेलून पडतात, आणि उजव्या बाजूला पडली की मागचा डिरेलर आत वाकतो. मग सगळ्यात हलक्या गिअरवर तो थेट स्पोकमध्ये घुसू शकतो. म्हणून जागा असेल तर भिंतीकडेला लावा, आणि आडवी ठेवायचीच झाली तर नेहमी डाव्या कुशीवर. पावसाळ्यात चेन कपड्याने पुसा, थोडं तेल सोडा, जास्तीचं पुसून घ्या. तेल थापलं की चिखल चिकटलाच.

सेकंडहँड घेत असाल तर पुढच्या चकतीवरची चेन बोटांनी समोर ओढून बघा. चेन आणि दात्यांच्या मध्ये उजेड दिसला तर चेन ताणली गेलीय. दाते टोकदार, एका बाजूला झुकलेले असतील तर चकत्याही गेल्या. तो खर्च मनात धरूनच भाव करा.

दुकानात जाताना

१. पुढच्या सगळ्यात लहान आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते विचारा. अनेकदा चकतीवर कोरलेलेच असतात. नसतील तर खडूने एका दात्यावर खूण करा आणि मोजा. फोनवर भागाकार करा.

२. मागे स्क्रूसारखं फिरवून बसवलेलं फ्रीव्हील आहे की कॅसेट, ते विचारा. पुढे जास्त गिअरवर जायचं असेल किंवा रोज लांब चालवायची असेल तर कॅसेट बरी. फ्रीव्हीलवाल्या चाकाचा ॲक्सल वाकायची शक्यता जास्त असते.

३. एक चक्कर मारल्याशिवाय घेऊ नका. जवळचा एखादा चढ शोधा, सगळे गिअर एकदा टाकून बघा.

४. सर्व्हिसिंग कोण करणार, कधी, किती वेळा, ते बिलावर लिहून घ्या.

दुकानात कुणी ‘एवढं काय बघताय, एकवीस गिअर आहेत’ म्हणालं तरी मोजत राहा. आणि ज्यांच्याकडे सायकल आधीच आहे, त्यांना नवी घ्यायची गरज बहुधा नाहीच. या रविवारी ती धुवा, दाते मोजा, एकेक भागाकार वहीच्या मागच्या पानावर लिहा. मग घराजवळचा तो चढ, जिथे तुम्ही नेहमी उतरता, तिथे पोचण्याच्या वीस पावलं आधी चेन आत घ्या. बाकीचं काम पाय करतील.